मधोमध काहीच नसतं

दोन स्पीकर नीट मांडून गाणं लावलं की गाणारा बरोबर मधोमध उभा राहतो. त्या जागी खरं तर भिंत असते, नाहीतर टीव्ही. दोन्हीकडून सारखाच आवाज, सारख्याच जोराने, एकाच क्षणी कानांवर आला की मेंदू त्याचा एक आवाज करतो आणि समोर नेऊन ठेवतो. सगळा स्टिरिओ या भासावर उभा आहे, म्हणून त्याची तपासणीही तिथेच व्हायला हवी. ‘डावा वाजला, उजवा वाजला, चला झालं’ एवढ्यावर बहुतेकांची तपासणी आटोपते. त्यातून दोन्ही बाजूंना आवाज पोचतो आणि बाजूंची अदलाबदल झालेली नाही, इतकंच कळतं. उलटी जोडलेली वायर, दोन डेसिबलने मंद बाजू, एका कानाला नीट न बसलेलं पॅड हे सगळे दोष या परीक्षेत आरामात पास होतात.

आवाज कुठून येतोय हे आपण कशावरून ठरवतो, याचं ढोबळ उत्तर ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडलं आणि ते अजून टिकून आहे. साधारण १५०० हर्ट्झच्या खालच्या आवाजांत दोन कानांमधला वेळेचा फरक कामी येतो, वरच्या आवाजांत जोराचा. आवाज अगदी एका बाजूने आला तरी दोन कानांत पोचण्यातलं अंतर जेमतेम ०.६ ते ०.७ मिलिसेकंद असतं. इंजिनिअर अॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याचा पायाही हाच. इतक्या बारीक फरकांवर ज्याचा डोलारा आहे तो बारीक चुकीनेही कलतो. दोन बाजूंत एका डेसिबलचा फरक पडला तर गाणारा थोडा सरकतो. तो नेमका किती सरकला हे सांगता येत नाही, पण काहीतरी खटकत राहतं.

तपासणीसाठी गाणं वापरू नये, निदान सुरुवातीला तरी. गाण्यात कोणतं वाद्य कुठे ठेवलंय हे मिक्सिंग करणाऱ्याने ठरवलेलं असतं. १९६० च्या दशकातल्या कित्येक स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये गाणारा पूर्ण एका बाजूला आणि ड्रम पूर्ण दुसऱ्या बाजूला सापडतो. अशा गाण्यावरून हेडफोन बिघडला म्हणणं म्हणजे निष्पापाला फाशी. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये स्वतःच पाच छोट्या क्लिप तयार कराव्यात. पहिली फक्त डाव्या चॅनेलवर बोललेलं ‘डावा’, दुसरी तशीच ‘उजवा’. तिसरी दोन्हीकडे तोच पिंक नॉइज, म्हणजे धबधब्यासारखा सलग खळाळ. चौथी तोच पिंक नॉइज, पण एका चॅनेलवर इन्व्हर्ट, म्हणजे लाट उलटी केलेला. पाचवी २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत तीस सेकंदांत चढत जाणारा सूर. तिसऱ्या आणि चौथ्या क्लिपसाठी दोन ट्रॅकवर वेगवेगळा नॉइज बनवायचा नाही. एकच बनवून त्याची नक्कल करायची आणि दोन्ही मिळून स्टिरिओ ट्रॅक करायचा, नाहीतर मधला भास मुळात तयारच होणार नाही. पातळी उणे २० डेसिबलच्या आसपास ठेवून फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये साठवावी. चढता सूर मोठ्या आवाजात लावायचा मोह आवरावा. वरच्या टोकाला कानाला ऐकू येईनासं होतं, हात आवाज वाढवायला जातो आणि भोगतो ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर.

क्लिप वाजवण्याआधी सेटिंग पाहून घ्या. फोनच्या आणि कंप्युटरच्या अॅक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओचं, म्हणजे दोन्ही बाजू मिसळून एकच आवाज देणारं बटण असतं आणि आयफोन-अँड्रॉइडवर तिथेच डाव्या-उजव्या बॅलन्सची पट्टी असते. विंडोजमध्ये दोन्ही चॅनेलचा व्हॉल्यूम वेगवेगळा लावता येतो. कधीतरी बोट लागून सरकलेली ही पट्टी महिनोन्महिने तशीच राहते आणि दोष हेडफोनच्या माथी बसतो. स्पेशियल ऑडिओ, सराउंड, बेस बूस्ट, इक्वलायझर सगळं बंद करा. यातल्या काही सोयी दोन चॅनेल मुद्दाम एकमेकांत मिसळतात, बाकीच्या सुरांचा तोल बदलतात, त्यामुळे त्या चालू असताना केलेली कुठलीही चाचणी फुकट.

आता हेडफोन. ‘डावा’ डाव्या कानातच यायला हवा आणि उजवीकडे शांतता हवी. उजवीकडे अगदी पुसट कुजबुज ऐकू आली तर घाबरण्याचं कारण नाही. तीन तारांच्या केबलमध्ये दोन्ही ड्रायव्हर, म्हणजे कपांतले छोटे स्पीकर, परतीसाठी एकच ग्राउंड वापरतात आणि त्या तारेलाही थोडा रोध असतो. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये सामायिक वाटेवर अर्धा ओहम असला, तर डावीकडचा आवाज उजवीकडे साधारण ३६ डेसिबल खाली झिरपतो. गाणं ऐकताना तो जाणवतही नाही. मात्र ‘डावा’ दोन्ही कानांत जवळपास सारखाच आला, तर एकतर मोनो चालू राहिलंय, किंवा ग्राउंड तुटलंय.

ग्राउंड तुटण्याचा प्रकार जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण त्यात बाकी सगळं वाजतं आणि गाणारा तेवढा गायब होतो. ३.५ मिलिमीटरच्या पिनचं टोक डाव्याचं, त्यामागचं कडं उजव्याचं आणि बुडाचा भाग ग्राउंडचा. ग्राउंड सुटलं की विजेला परतीची वाट उरत नाही. मग ती डाव्या ड्रायव्हरमधून उजव्यात जाते आणि दोन्ही ड्रायव्हर डावा वजा उजवा एवढाच फरक वाजवू लागतात, तोही एकमेकांच्या उलट. गाणाऱ्याचा आवाज दोन्ही चॅनेलवर सारखा असल्याने त्याची वजाबाकी शून्य येते. कडेची वाद्यं आणि रिव्हर्ब (आवाजाचं घुमणं) तेवढे उरतात आणि गाणं कॅरिओकेच्या ट्रॅकसारखं पोकळ ऐकू येतं. पहिला संशय पिन पूर्ण न बसल्याचा घ्यावा. फोनच्या जॅकमध्ये खिशातला कापूस दाबून बसतो आणि पिन मिलिमीटरभर बाहेर राहते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो हलक्या हाताने उकरून काढावा. धातूची टाचणी वापरू नये, आतल्या धातूच्या पट्ट्या वाकतात.

माइकवाल्या चार भागांच्या पिनमध्ये हाच दोष आणखी एका वाटेने येतो. सध्या रूढ असलेल्या सीटीआयए जोडणीत दुसऱ्या कड्यावर ग्राउंड आणि बुडाशी माइक असतो, तर जुन्या ओएमटीपी जोडणीत याच्या उलट. एका पद्धतीचा हेडसेट दुसऱ्या पद्धतीच्या उपकरणात लावला की ग्राउंडची वाट माइकमधून जाते आणि तसाच पोकळ आवाज येतो. ओळखायची खूण सोपी आहे. वायरवरचं कॉल उचलायचं बटण दाबून धरा. ते बटण माइक आणि ग्राउंड एकमेकांना जोडतं, त्यामुळे दाबलेलं असेपर्यंत गाणारा परत येतो. असं झालं तर हेडसेट धडधाकट आहे, फक्त अॅडॅप्टर लागेल.

यातलं काहीच नसेल तर मल्टिमीटर काढा. हेडफोन सुटा करून मीटर २०० ओहमवर लावा. टोक ते बूड आणि कडं ते बूड हे दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. ३२ ओहमच्या हेडफोनला तीसेक ओहम येतील. टोक ते कडं याच्या दुप्पट, म्हणजे साठच्या आसपास. बुडाशी दोन्ही रीडिंग येत नाहीत पण टोक ते कडं साठ दाखवतंय, तर ग्राउंडच तुटलंय. टोक ते बूड साठ आणि टोक ते कडं तीस आलं तर कुणीतरी दुरुस्ती करताना ग्राउंड चुकून कड्यावर जोडलंय. डावा-उजवा कोणता हे आकड्यांवरून कळत नाही, पण प्रोब टेकवताना ड्रायव्हरमधून बारीकशी टक् येते. टोक आणि बूड धरल्यावर ती डाव्या कपातून यायला हवी. नॉइज कॅन्सलिंगच्या हेडफोनमध्ये मधे सर्किट असतं, तिथे हे आकडे लागू होत नाहीत.

वायर तुटते ती बहुतेक वेळा पिनच्या मानेपाशी, पहिल्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये. त्यानंतरच्या संशयित जागा म्हणजे दोन फाटे फुटतात ती आणि कपात शिरते ती. मोनो नॉइज (तिसरी क्लिप) लावून या जागा एकेक करून वाकवा. जिथे वाकवताना आवाज येतो-जातो, तिथेच तार तुटलेली. पिनपाशी असेल तर चार सेंटिमीटर कापून नवी पिन डाग देऊन लावणं हाच खरा उपाय, टेप गुंडाळणं नव्हे. आतल्या बारीक तारांवर सहसा लाल रंग उजव्याचा, हिरवा किंवा निळा डाव्याचा आणि उघडी तांब्याची ग्राउंडची. हा रंग इनॅमलचा थर असतो. तो सोल्डरिंग आयर्नच्या गरम थेंबात जाळून तार आधी चकचकीत करून घ्यावी लागते. ते न करता दिलेला डाग वरून सुरेख दिसतो, पण वीज त्यातून जात नाही.

दोन्ही बाजू वाजतात, पण एक मंद वाटते. अशा वेळी हेडफोन उलटा घाला, डावा कप उजव्या कानावर. मंद बाजूही कान बदलून गेली तर दोष हेडफोनचा किंवा उपकरणाचा आहे आणि दुसऱ्या फोनवर लावून त्यांतला कोणता हे कळेल. कान तोच राहिला तर दोष कानाचा. बहुधा मळ असतो. पण एका कानाचं ऐकू येणं अचानक, एखाद-दोन दिवसांत कमी झालं असेल तर चाचण्या बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण अशा बहिरेपणावरचा उपचार लवकर सुरू झाला तरच उपयोगी पडतो.

इअरबडमध्ये मंद बाजूचं कारण बहुतेकदा जाळीतला मळ. आधी वरचे सूर दबतात, मग सगळाच आवाज. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडावी, म्हणजे सुटलेला मळ आत न जाता बाहेर पडतो. कानावर बसणाऱ्या मोठ्या हेडफोनमध्ये बेस एकाच बाजूचा कमी वाटला तर पॅड पाहा. चष्म्याची काडी, केसांची बट, पॅडला पडलेली भेग, कुठूनही हवा निसटली की बेस गेला. पॅड हाताने दाबून बेस परत येतो का एवढं पाहिलं की निदान होतं.

चढता सूर इथे उपयोगी पडतो. डोळे मिटून ऐका. सूर डोक्याच्या मध्यातून सरळ वर चढत गेला पाहिजे. एखाद्या ठिकाणी तो झपकन एका बाजूला जाऊन परत आला तर तेवढ्या पट्ट्यात दोन ड्रायव्हर जुळत नाहीत. चांगल्या हेडफोनमध्येही एखाद-दोन डेसिबलचा फरक असतोच, त्यामुळे थोडं डुलणं सोडून द्यावं. १० किलोहर्ट्झच्या वर तर आपले दोन कानही सारखे नसतात. खालच्या सुरांत ‘फर्र’ असा आवाज आला तर ड्रायव्हरच्या पडद्यावर बसलेला केस किंवा सैल पडलेला भाग शोधावा.

आणि मग तिसरी-चौथी क्लिप, सगळ्यांत महत्त्वाची. मोनो पिंक नॉइज डोक्याच्या मध्ये एखाद्या ठिपक्यासारखा घट्ट बसायला हवा. इन्व्हर्ट केलेला पसरट, दिशाहीन, कानांवर विचित्र दाब आल्यासारखा वाटायला हवा. हा अनुभव नेमका उलटा आला, तर एका ड्रायव्हरच्या तारा उलट जोडल्या आहेत. साउंडवाले ‘फेज आउट’ म्हणतात तो हाच दोष. हेडफोनमध्ये बेस त्यामुळे पूर्ण नाहीसा होत नाही, कारण प्रत्येक कान आपापलाच ड्रायव्हर ऐकतो. म्हणून वर्षानुवर्षं तो पकडलाही जात नाही.

स्पीकरमध्ये मात्र हा दोष हवेतच हिशेब करतो. एका स्पीकरचा कोन (पुढे-मागे हलणारा पडदा) बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. नीट जोडलेले दोन स्पीकर बेसमध्ये एकापेक्षा सुमारे ६ डेसिबल जास्त देतात. उलटे जोडले की दोन मिळून एकापेक्षाही कमी. खात्री करायची असेल तर दोन्ही स्पीकर समोरासमोर, चार-पाच सेंटिमीटरवर ठेवून मोनो गाणं लावा. मग अॅम्प्लिफायर बंद करून फक्त एका स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल करा आणि पुन्हा लावा. ज्या जोडणीत बेस भरदार, ती बरोबर. अॅम्प बंद करायला सांगितलंय ते उगीच नाही. मोकळ्या तारा एकमेकींना लागल्या तर आउटपुटचा बळी जातो. पुष्कळ आधुनिक अॅम्पमध्ये काळं टर्मिनलसुद्धा ग्राउंड नसतं, त्यामुळे दोन्ही बाजूंची काळी टर्मिनलं एकत्र जोडण्याचा उद्योग कधीच करू नये.

दुसरी रीत बॅटरीची. वायर अॅम्पच्या टोकाला सोडवायची आणि १.५ व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवायची. सेलचं अधिक टोक लाल तारेला लागताच वूफरचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा कोन बाहेर आला पाहिजे. आत गेला तर वायरमध्ये किंवा पेटीच्या आत कुठेतरी अदलाबदल आहे. ही चाचणी वूफरचीच, सुट्या ट्वीटरला किंवा हेडफोनला सेल लावू नये.

एक बाजू मुकी झाली असेल तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा एका वेळी एकच गोष्ट बदलावी. समजा डावा स्पीकर बंद आहे. अॅम्प बंद करून त्याच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी बदला. डावाच बंद राहिला तर दोष वायरचा किंवा स्पीकरचा. आता उजवा बंद पडला तर तो अॅम्पचा किंवा त्याच्या आधीचा. वायरी परत जागेवर लावून आता अॅम्पच्या इनपुटवरच्या लाल-पांढऱ्या पिना बदला. बंद बाजू बदलली नाही तर अॅम्प गुन्हेगार. बदलली तर पिना पूर्ववत करा आणि तीच अदलाबदल केबलच्या दुसऱ्या टोकाला करा. डावा बंदच राहिला तर केबल, उजवा बंद पडला तर प्लेअर. दहा मिनिटांचं काम आहे, पण दोन गोष्टी एकदम बदलल्या की त्याचा दिवस होतो.

आवाज अगदी कमी ठेवला की एक बाजू आधी विझते आणि वाढवला की बरोबरी होते, असं असेल तर दोष व्हॉल्यूमच्या नॉबमध्ये आहे. एकाच दांड्यावर दोन चॅनेलचे दोन रोधक फिरतात आणि फिरण्याच्या सुरुवातीला ते क्वचितच जुळतात. हा बिघाड नाही, स्वस्त भागाचा स्वभाव आहे. फोनचा किंवा प्लेअरचा आवाज कमी करून नॉब मध्यावर आणला की प्रश्न सुटतो. फिरवताना खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारून नॉब वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवावा आणि वाळल्यावरच वीज चालू करावी.

सगळं ठीक असूनही गाणारा एका बाजूला झुकतो, तेव्हा मोजायची टेप घ्या. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. एक स्पीकर तुमच्यापासून दहा सेंटिमीटर जवळ असला तरी ०.३ मिलिसेकंदाचा फरक पडतो आणि भास त्या बाजूला ओढला जातो. दोन स्पीकरमध्ये दोन मीटर असतील तर डोकंही प्रत्येकापासून दोन मीटरवर आणि ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा. अंतर जुळल्यावरही झुकाव राहिला तर दोन्ही स्पीकरच्या जागा बदला, वायरी मात्र होत्या त्याच बाजूला ठेवा. झुकाव स्पीकरबरोबर गेला तर स्पीकर असमान. त्याच बाजूला राहिला तर खोली किंवा आधीची साखळी (वायरी, अॅम्प, प्लेअर). एका बाजूला काच आणि दुसऱ्या बाजूला जाड पडदा, किंवा एक स्पीकर कोपऱ्यात आणि दुसरा मोकळा, ही नेहमीची कारणं. कोपऱ्यातला बेस फुगवतो, त्याला भिंतींपासून पुढे ओढून पाहावं.

ब्लूटूथचं थोडक्यात. माइक चालू झाला की हेडफोन बहुधा संगीताच्या जोडणीवरून कॉलच्या जोडणीवर जातो आणि तिथला आवाज मोनो, त्यात ८ किंवा १६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचा, म्हणजे वरचे सूर कापलेला. कंप्युटरवर मीटिंग सुरू होताच गाणं सपाट होतं ते यामुळे. मीटिंगसाठी वेगळा माइक निवडला की स्टिरिओ परत येतो. दोन ब्लूटूथ स्पीकर एकत्र जोडताना ‘पार्टी’ आणि ‘स्टिरिओ पेअर’ हे पर्याय वेगळे असतात. पहिल्यात दोन्हीकडून तेच वाजतं. आणि फोनच्या स्वतःच्या दोन स्पीकरांवर यातली कोणतीही चाचणी करू नये. बऱ्याच फोनमध्ये एक खाली असतो आणि दुसरा म्हणजे कानाशी धरायचा इअरपीस, ते सारखे नसतातच.

राहता राहिली सिनेमातल्या संवादांची तक्रार. संगीत, मारामारी खणखणीत आणि बोलणं पुटपुटल्यासारखं. ५.१ च्या, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरसाठी बनवलेल्या ट्रॅकमध्ये संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलवर असतात. टीव्हीला किंवा प्लेअरला पाच स्पीकर आहेत असं सांगितलेलं असेल आणि प्रत्यक्षात दोनच असतील, तर तो चॅनेल कुठेच वाजत नाही. आउटपुट ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम’ केलं की मधला चॅनेल दोन्ही स्पीकरांत सारखा वाटला जातो. त्यानंतरही बोलणं दबकं वाटलं तर मोनो पिंक नॉइजची क्लिप पुन्हा लावून स्पीकरच्या तारा तपासा. बॅलन्सच्या नॉबला हात लावायची वेळ त्याच्याही नंतर येते, कारण उलट्या तारेवर तो काहीच करू शकत नाही.